देवाची चिलीम आणि चांगदेवरावांची चरबी

आता सगळं पार पडलंय. कुणाची नोकरी गेली नाही, कुणाची सोयरीक मोडली नाही आणि शेजारच्या कुशाबाईंचा ओझरच्या गणपतीचा नवससुद्धा फेडून झालाय. त्यामुळे सांगायला हरकत नाही. त्या आठवड्यात मात्र अख्ख्या नारायणगावात चांगदेवराव डुंबऱ्यांइतका दुःखी माणूस शोधून सापडला नसता. आणि कुणी शोधायला गेलंच असतं, तर ते घराच्या गच्चीवर, डोक्याला टॉवेल बांधून, भर दुपारी जागच्या जागी उड्या मारताना दिसले असते.

चांगदेवराव एका शिक्षण संस्थेत वाहतूक विभागाचे प्रमुख. अकरा पिवळ्या बस, अकरा ड्रायव्हर आणि एक लोखंडी कपाट एवढं त्यांचं राज्य. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एक डाग नाही. सुपारीचंही व्यसन नाही. लग्नात दिलेलं पान ते नाकारत नाहीत, कारण देणाऱ्याला वाईट वाटतं. खिशात ठेवून घरी आणतात आणि बायकोला, जयाबाईंना देतात. दर दोन ऑक्टोबरला ते सगळ्या ड्रायव्हरांना व्यसनमुक्तीची शपथ देतात. शपथ त्यांनी स्वतः लिहिलेली आहे आणि ती एवढी लांब आहे की गेल्या वर्षी दोन ड्रायव्हर मध्येच तंबाखू मळायला बाहेर जाऊन परत आले, तरी शेवटच्या कलमाला हजर होते.

अशा माणसाला गप्प बसवत नाही. एका गुरुवारी संस्थेच्या बैठकीत मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला आणि चांगदेवराव उभे राहिले. म्हणाले, सगळ्या ड्रायव्हरांची लघवी तपासली पाहिजे. दारू तोंडाच्या वासाने कळते, पण गांजा, अफू यांचं काय? अध्यक्ष खूश झाले. तेवढ्यावर थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण टाळ्या वाजत होत्या, आणि टाळ्या वाजल्या की चांगदेवरावांना आणखी एक वाक्य सुचतं.

"आणि सुरुवात माझ्यापासून करा," ते म्हणाले.

नियमावलीही त्यांनीच लिहिली. तीन पानं, सतरा कलमं. नमुना देताना स्वच्छतागृहाचे दार अर्धे उघडे राहील. नळ बंद राहील. साक्षीदार दोन हात अंतरावर उभा राहील. साक्षीदार हा चालकांपैकीच असेल, म्हणजे चालकांचा विश्वास बसेल. हे नववं कलम लिहून झालं तेव्हा त्यांनी ते जयाबाईंना मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. जयाबाई म्हणाल्या, "उघड्या दारानं कसं काय व्हईल माणसाला?" चांगदेवराव म्हणाले, "ज्याच्या मनात पाप नाही, त्याला होतं."

हे झालं गुरुवारी. शनिवारी त्यांना आहुप्याला जायचं होतं.

आहुपे हे त्यांच्या लेकीचं सासर. आरती आणि तिचा नवरा मोहित दोघंही घोडेगावला एकाच शाळेत शिक्षक. त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि घरी सांगितलं. मुलगा पार डोंगरावरच्या घरातला, हे ऐकल्यावर चांगदेवरावांनी चार महिने अबोला धरला होता. लग्नाला उभे राहिले, पण नुसता वरणभात खाऊन उठले, आणि एकाही फोटोत हसलेले नाहीत. नंतर लेकीचा सुखाचा संसार पाहिला आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटायला लागलं. मोहितचे वडील धर्माजी उतारावरच्या खाचरात भात आणि नाचणी करणारे, मोजकं बोलणारे. लग्नातला तो अपमान त्यांनी एका शब्दाने काढला नव्हता, आणि हेच चांगदेवरावांना जास्त टोचत होतं. म्हणून धर्माजींचं आमंत्रण आलं तेव्हा त्यांनी ठरवलं, या वेळी व्याह्यांच्या दारात कशाला म्हणजे कशालाही नाही म्हणायचं नाही.

आहुप्याच्या राईतल्या देवाचा उत्सव होता. घोडेगाव, डिंभे करत, धरणाच्या कडेकडेने जीप वर चढली तेव्हा दुपार कलायला आली होती. राईत शिरल्यावर ऊनच संपलं. जुनी झाडं, खाली पाचोळा आणि मधे देवाचं ठाणं. धर्माजी नवीकोरी पांढरी टोपी घालून सामोरे आले. ही टोपी खास आपल्यासाठी घेतलीय हे चांगदेवरावांच्या लक्षात आलं आणि त्यांना गहिवरून आलं.

पूजा झाली. सगळे रिंगण करून बसले. पलीकडे बायका बसल्या, त्यात जयाबाई आणि आरती. मग राईचे पुजारी म्हातारे सोमाजी यांनी देवापुढची मातीची चिलीम उचलली, बुडाला ओलं फडकं गुंडाळलं, वर निखारा ठेवला आणि दोन्ही हातांनी ती चांगदेवरावांपुढे धरली.

"नव्या सोयऱ्याचा पैला मान," सोमाजी म्हणाले. "घ्या पावणं."

चांगदेवरावांनी जयाबाईंकडे पाहिलं. त्या काही सांगण्याच्या बेतात होत्या, पण बायकोने रिंगणाबाहेरून सांगितलेलं ऐकणं हे मानकऱ्याला शोभणारं नव्हतं. धर्माजी खाली मान घालून बसले होते. आता नाही म्हटलं तर लग्नातलं ते वरणभाताचं ताट पुन्हा सगळ्यांना आठवणार. चांगदेवरावांनी चिलीम दोन्ही मुठींत धरली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला, मुठी तोंडाला लावल्या आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

ठिणग्यांचा हा लोट उडाला! एक निखारा उडून धर्माजींच्या टोपीवर पडला. चांगदेवरावांच्या नाकातोंडात राख आणि धूर गेला, डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला. मग सोमाजी मोठ्याने म्हणाले, "झाला मान! देवाला पावला!" आणि पाठ वळवून त्यांनी चिलीम पुन्हा भरून पेटवली.

"तंबाखू फार कडक आहे," चांगदेवराव डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले.

"नुसती तंबाखू न्हाई पावणं," शेजारी म्हणाला. "वरून चिमूटभर गांजा असतोय त्यात. देवाचा. वरसातनं एकदाच."

चांगदेवरावांनी ताबडतोब घड्याळात पाहिलं. पुढचा तासभर ते स्वतःवर बारीक लक्ष ठेवून होते. झाडं किंचित हलल्यासारखी वाटली. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं अमृतासारखं लागलं. त्यांनी चार भाकरी खाल्ल्या. आरतीने पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यांना रडू आलं. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, जीपने घाटात सगळं अंग हलवलं होतं, आणि लेकीला सहा महिन्यांनी पाहत होते, ही कारणं त्यांना सुचलीच नाहीत. ही सगळी गांजाची लक्षणं आहेत, असं त्यांनी मनाशी नोंदवून ठेवलं.

तरी त्यांना धीर होता. तपासणी पुढच्या महिन्यात कधीतरी होणार. पण सोमवारी सकाळी ऑफिसच्या ग्रुपवर अध्यक्षांचा मेसेज आला: उद्या अकराला प्रयोगशाळेचा माणूस येतोय, पहिला नमुना आपल्या डुंबरे साहेबांचा. खाली अकरा ड्रायव्हरांनी अकरा अंगठे टाकले होते.

चांगदेवरावांनी खुर्चीतच हिशेब केला. नमुन्यात गांजा निघाला तर नोकरी जाणार हे त्यांनीच अकराव्या कलमात लिहिलेलं. पण नोकरीवरच थांबणार नव्हतं. कुठे ओढला, असं विचारतील. खरं सांगावं तर धर्माजींच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहणार, आणि तीही व्याह्याने पाठवलेली. आरती जन्मात तोंड पाहायची नाही. खोटं सांगावं तर डुंबरे चोरून ओढतात असं ठरणार. सव्वीस वर्षांचं नाव, लेकीचं घर, दोन्ही आता त्यांच्या पोटात कुठेतरी फिरत असलेल्या त्या धुरावर अवलंबून होतं. निदान तो नक्की कुठे पोचलाय एवढं तरी कळायला हवं होतं.

शेजारच्या कुशाबाईंची नात श्रेया फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी ती ओट्यावर वाचत बसली होती. चांगदेवराव कुंपणापाशी गेले.

"श्रेया, माझा एक मित्र आहे. येडगावचा. त्याने चुकून एकदा गांजा ओढला. तर तो अंगातून जातो कसा?"

श्रेयाने पुस्तक मिटलं. परीक्षेत येणारा प्रश्न कुणी घरबसल्या विचारावा, याचा तिला आनंद झाला.

"काका, धूर आधी फुप्फुसात जातो. तिथनं काही सेकंदांत रक्तात. गोळी गिळली तर तासभर लागतो, पण धुराला वाट सरळ आहे. दहा मिनिटांत रक्तात सगळ्यात जास्त असतो, तोवर मेंदूतही पोचलेला असतो."

"मेंदूत," चांगदेवराव म्हणाले. हलणारी झाडं त्यांना आठवली.

"मग रक्तातनं तो भराभर कमी होतो."

"अरे वा!"

"कारण तो चरबीत जाऊन बसतो. पाण्यात विरघळत नाही तो, चरबीत विरघळतो. तिथनं हळूहळू परत रक्तात येतो. लिव्हर त्याचं रूप बदलतं, मग थोडा लघवीवाटे आणि जास्त संडासवाटे बाहेर. तपासणीत ते बदललेलं रूपच सापडतं."

"किती दिवस?"

"एकदाच ओढला असेल तर साधारण तीन दिवस. थोडं कमीजास्त. रोजचा ओढणारा असेल तर महिनाभरसुद्धा. तुमचा मित्र जाडा आहे का काका?"

चांगदेवरावांचा हात आपोआप पोटावर गेला. हे पोट त्यांच्या अभिमानाचा विषय होता. खात्यापित्या घरचं, सुस्थितीचं, निर्व्यसनी पोट. आज पहिल्यांदाच त्यांना त्याचा संशय आला. सबंध आयुष्य ज्याला तूप घातलं, ते आता चोराला आसरा देऊन बसलं होतं.

"मध्यम आहे," ते म्हणाले.

आता चूक अशी झाली की कुशाबाई आत तांदूळ निवडत होत्या आणि त्यांना सगळं ऐकू येतं. दहा मिनिटांत त्या बाहेर आल्या. "कोण वो येडगावचा? आमच्या भाचीचं सासर हाय तिथं. नाव काय?" चांगदेवरावांनी नाव सांगितलं नाही, म्हणून त्यांची खात्री पटली की माणूस नामांकित घरातला असणार. "लेकरंबाळं असतील बिचाऱ्याला. मी ओझरच्या इघ्नहराला नारळ बोलते त्याच्या नावानं." तेवढ्यात समोरचे भगवंत आले. भगवंत हे एसटीचे निवृत्त कंडक्टर. बत्तीस वर्षं त्यांच्याभोवती लोक बोलत राहिले आणि ते ऐकत राहिले, त्यामुळे त्यांना ठाऊक नाही असा विषय नाही.

"सोपं हाय राव," भगवंत म्हणाले. "मित्राला म्हणावं, पानी पी. चार-पाच लिटर. आन् घाम काढ. चरबी वितळली की गांजा भाईर."

"पण आजोबा, चरबी वितळली तर गांजा रक्तात येणार ना परत?" श्रेया म्हणाली. "आणि पाण्याने तो जात नाही. नुसती लघवी पातळ होते."

"तुझं पुस्तक झालं गं. मी बत्तीस वरसं रूटवर व्हतो."

या दोन मतांपैकी चांगदेवरावांनी कुठलं ऐकावं, हे सांगायला नकोच. बुडणाऱ्या माणसाला पुस्तकापेक्षा कंडक्टर जवळचा वाटतो. रात्रीचं जेवण त्यांनी टाळलं. जयाबाईंना वाटलं, आहुप्याहून आल्यापासून माणूस सुधारला. मंगळवारी सकाळी ते गच्चीवर तासभर उड्या मारून आले आणि मग तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला बसले. आठव्या तांब्याला जयाबाई म्हणाल्या, "अवो, विहिरीवर राग हाय का कुणाच्या?"

अकराला प्रयोगशाळेचा तरुण आला. चांगदेवरावांनीच लिहिलेली नियमावली त्याने काढली आणि कलम नऊ मोठ्याने वाचलं. साक्षीदार म्हणून ड्रायव्हर सुनील उभा राहिला. हा तोच सुनील, ज्याला चांगदेवरावांनी तंबाखूवरून दोनदा मेमो दिला होता. दार अर्धं उघडं. नळ बंद. दोन हात अंतर. सुनीलने भल्या मनाने मान वळवली, पण कलमात मान वळवायची सोय ठेवलेली नव्हती, म्हणून प्रयोगशाळेच्या पोराने त्याला परत वळवलं. पाप मनात नसलेल्या माणसाला होतं, हे चांगदेवरावांचं म्हणणं त्या दिवशी खोटं ठरलं नाही. एवढं पाणी प्यायल्यावर पापी माणसालाही झालं असतं. बाटली तीनदा भरली असती.

पोराने बाटली उजेडात धरली. एक पट्टी बुडवली, दुसरी बुडवली, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"साहेब, हे जवळजवळ पाणीच आहे. नमुना घेता येणार नाही. नाकारला असं लिहावं लागेल."

"म्हणजे?"

"कलम चौदा," पोरगा म्हणाला. "नमुना पातळ निघाल्यास तीन दिवसांनी पुन्हा घ्यावा. त्या दिवशी दोन तास आधीपासून व्यक्तीस साक्षीदाराच्या नजरेखाली ठेवावे व एकच ग्लास पाणी द्यावे. तुम्हीच लिहिलंय. फार चांगलं लिहिलंय साहेब, आमच्या मॅडम म्हणाल्या, असं आजवर कुणी दिलं नव्हतं."

बाहेर व्हरांड्यात अकरा ड्रायव्हर उभे होते. साहेब नापास झाले का, असं कुणी विचारलं नाही. पण कुणी काही विचारलं नाही, हेच चांगदेवरावांना लागलं. ते केबिनमध्ये जाऊन लोखंडी कपाटाकडे तोंड करून बसले, आणि दर दहा मिनिटांनी त्यांना उठावं लागत होतं.

पुढचे तीन दिवस फार कठीण गेले. भगवंतांच्या मते आता उपाय होता लिंबू. कुशाबाईंच्या मते ताक. दोन्ही एकाच दिवशी झाल्यावर जे व्हायचं ते झालं, आणि चांगदेवरावांना श्रेयाचं वाक्य आठवून जरासं बरंही वाटलं, की जास्त भाग त्याच वाटेने जातो. गल्लीत आता येडगावच्या मित्राची चौकशी रोज होत होती. भाजीवालीसुद्धा म्हणाली, "दादा, सुटंल तो. देवावर भरवसा ठेवायला सांगा." दाढी करताना चांगदेवराव आरशातल्या त्या मित्राकडे पाहत नसत.

या सगळ्याचा उलगडा एका फोनवर झाला असता. व्याही, त्या चिलमीत होतं किती आणि माझ्या पोटात गेलं किती, एवढंच विचारायचं. पण विचारायचं कसं? लग्नात तोंड पाडून बसलेल्या माणसाने आता म्हणायचं, की तुमच्या देवाचा प्रसाद मला बाधला? त्यापेक्षा नोकरी गेलेली बरी. गंमत म्हणजे त्या आठवड्यात धर्माजींचेच दोन फोन आले.

"पावणं, बरं हाय ना समदं?"

"बरं आहे, बरं आहे."

"त्या दिवशीचं काय मनात धरलं न्हाई ना?"

"छे छे! उलट फार आनंद झाला."

मग धर्माजी भाताबद्दल चार शब्द बोलले, चांगदेवराव बसच्या टायरबद्दल बोलले, आणि फोन ठेवला. दुसऱ्यांदाही तसंच. यांना संशय आला की काय, या विचाराने चांगदेवरावांनी त्या दिवशी शंभर उड्या जास्त मारल्या.

शुक्रवारी कलम चौदाप्रमाणे त्यांना नऊपासून केबिनमध्ये सुनीलसमोर बसवण्यात आलं. मधे पाण्याचा एकच ग्लास. पहिला तासभर दोघंही त्या ग्लासाकडे पाहत राहिले.

"सायेब," शेवटी सुनील म्हणाला, "एक इचारू? तंबाखू येती का ओ ह्या तपासनीत?"

"नाही. हिच्यात नाही येत."

सुनीलने एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचा कागद हलला. "चार रात्री झोप न्हाई बघा. बायको म्हनली, गेली तुमची नोकरी. आमाला वाटलं व्हतं, तुमी आमाला धरायला हे काढलं. पर तुमी सोताच पैले बसला, दोनदा. असं कोन बसतंय? आमी समदे बोललो तसं."

चार रात्री जागलेला आणखी एक माणूस या ऑफिसात आहे, हे चांगदेवरावांना माहीत नव्हतं. सतरा कलमं लिहिताना अर्ध्या दारापलीकडे उभं राहणाऱ्याचं काय होईल, याचा विचार त्यांनी केला नव्हता. "नववं कलम काढून टाकू," ते म्हणाले. "दार बंद असलं तरी चालेल." आणि ग्लासातलं पाणी त्यांनी अर्धं सुनीलला दिलं.

शनिवारी सकाळी रिपोर्ट आला. गांजा: आढळला नाही. अफू: आढळली नाही. खाली आणखी पाचसहा पदार्थांची नावं होती, तेही आढळले नव्हते. चांगदेवरावांनी कागद तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला, आणि खुर्चीत असे मोकळे होऊन बसले की आठवडाभर आवळून धरलेलं पोट शर्टाच्या दोन बटणांमधून बाहेर आलं. त्यांनी ते मायेने थोपटलं. अध्यक्षांनी पाठ थोपटली. ड्रायव्हरांनी पेढे आणले. घरी येताना त्यांनी वाटेत श्रेयाला गाठलं.

"माझा मित्र सुटला. लिव्हर फार कर्तबगार निघालं त्याचं. एवढा गांजा, पण सहा दिवसांत सगळा निकाली काढला बघ. घराण्याचाच गुण म्हणायचा."

कुशाबाईंनी तिथूनच ओझरच्या दिशेला हात जोडले.

घरी आले तर ओसरीवर धर्माजी बसलेले. शेजारी नव्या तांदळाची गोणी. चांगदेवरावांना पाहताच ते उठून उभे राहिले आणि हात जोडायला लागले.

"पावणं, माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. आठ दिस झालं, घास गोड लागंना. फोनवर बोलाया जीभ उचलंना. तुमचा मान आमच्या दारात बिघाडला."

"कसला मान? कुठे बिघडला?"

"चिलीम इझली न्हव का तुमच्या हातात. सोमाजीबाबा तर म्हनले, कुनी एक शबुद काढायचा न्हाई, पावण्याला वंगाळ वाटंल. पर म्या म्हनलं, आदी कुनीतरी सांगाया पायजे व्हतं. तुमाला ठाव नसणार. कसं असंल? तुमी कदी बघितली का चिलीम?"

"अहो, मी चांगली जोर लावून ओढली की!"

धर्माजींनी खाली पाहिलं. हसू यायला लागलं होतं, पण व्याह्यापुढे हसायचं कसं, म्हणून ते टोपी काढून हातात फिरवायला लागले. टोपी तीच, नवीकोरी, आणि तिच्या बरोब्बर मधोमध करंगळी जाईल एवढं भोक.

"पावणं, तुमी ओढली न्हाई. फुकली."

मागून जयाबाई चहा घेऊन आल्या. "चूल फुकत्यात तशी," त्या म्हणाल्या. "मी समोरच बसले व्हते. म्हणून तर हातानं खुणवत व्हते, तर ह्यांनी डोळेच मिटलेले."

चांगदेवराव ओसरीच्या पायरीवर बसले. म्हणजे फुप्फुसात काही गेलंच नव्हतं, नाकात गेलेल्या राखेशिवाय. रक्तात नाही, मेंदूत नाही, चरबीत तर नाहीच. झाडं हलली नव्हती. आणि ज्या लिव्हरचं घराण्यासकट कौतुक ते आत्ताच करून आले होते, त्याच्यापुढे सबंध आठवड्यात लिंबू आणि ताकापलीकडे काही कामच आलं नव्हतं. चार लिटर पाणी, अर्धं दार, शेकडो उड्या, गच्चीवरून दिसणाऱ्या त्या सगळ्या खिडक्या. त्यांना राग यायला हवा होता. पण पोटातून काहीतरी वर आलं, आणि ते हसू होतं. त्यांना हसताना पाहून धर्माजींचाही बांध फुटला. दोघं व्याही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. एवढं मोठ्याने, की पलीकडून कुशाबाईंनी विचारलं, "काय झालं वो? येडगावच्याचं काय कळलं का?"

"त्यानं ओढलाच नव्हता मावशी!" चांगदेवराव ओरडून म्हणाले.

मग डोळे पुसत त्यांनी धर्माजींचा हात धरला. "पुढच्या वर्षी मी येणार. मान परत द्या मला. पण चिलीम मी ओढणार नाही, व्याही. मला जमणारही नाही आणि चालणारही नाही. नुसती हातात घेईन, कपाळाला लावीन आणि पुढे देईन. चालेल का तुमच्या देवाला?"

धर्माजी त्यांच्याकडे बघतच राहिले.

"अवो पावणं, मान तेवढाच असतोय," ते म्हणाले. "कपाळाला लावायची आन् फुडं द्यायची. मीबी तसंच करतो. मला कुठं ओढता येती?"

मग जयाबाईंनी धर्माजींपुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि सवयीने दुसरा चांगदेवरावांपुढे केला. चांगदेवरावांनी तो हलकेच परत ढकलला.

"मला चहाच दे," ते म्हणाले.